सहावी वाटी

मंडळी, असले अमानवीय अनुभव मी गेली कित्येक वर्षं आवडीने वाचते, आणि खरं सांगायचं तर निम्म्या वेळा हसते. कुणाला विहिरीवर पांढऱ्या साडीतली बाई दिसली की माझा पहिला प्रश्न — चष्म्याचा नंबर किती? कुणाचं घड्याळ आपोआप बंद पडलं की मी म्हणते, बाबा रे, सेल बदल. चकव्यावरही माझा विश्वास नाही. आमच्या भागात जंगलात माणूस वाट चुकतो, कारण तिथे वाटच धड नसते.

हे आधी सांगते, कारण माझं सगळं आयुष्य वेळ मोजण्यात गेलं आहे. हौस म्हणून नाही, पोटापाण्यासाठी. मी पदार्थविज्ञानातली बाई. जे मोजता येत नाही त्याला मी दारातही उभं करत नाही. पण हा अनुभव मी मोजलेला आहे... स्टॉपवॉच लावून, वहीत तारीखवार लिहून. अडचण तीच आहे. न मोजता नुसताच ऐकला असता तर केव्हाच विसरून गेले असते.

माझे बाबा चंद्रपूरजवळ ऊर्जानगरला औष्णिक वीज केंद्रात होते, यंत्रांची मापं बरोबर दाखवताहेत की नाही हे तपासणाऱ्या विभागात. मी तिथल्या क्वार्टरमध्येच वाढले. आमचं मूळ गाव मात्र आरमोरीपासून एसटीने अर्ध्या तासावर. नाव मुद्दाम देत नाही. आम्ही ढिवर, म्हणजे तलावात मासे धरणारे आणि तलावाखाली थोडी धानाची शेती करणारे. गावात बाबांचे मोठे भाऊ, म्हणजे माझे मोठेबाबा, आणि त्यांची बायको, माझी मोठीमाय. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यामुळे दिवाळी-उन्हाळ्यात मी त्यांचीच. पोहायला मोठेबाबांनी शिकवलं आणि जाळ्याची गाठ मारायला मोठीमायने.

आता आमच्या गावाची एक रीत सांगते. मी ती दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

धानाला शेवटचं पाणी लागतं ते ऑक्टोबरात, दाणा भरताना. तेव्हा तलाव उतरलेला असतो, म्हणून पाणी बारीने द्यायचं. एका बांधीला, म्हणजे धानाच्या एका तुकड्याला, एक घटका, की लगेच पाट पुढच्या बांधीकडे फिरवायचा. ही घटका मोजायला तांब्याच्या वाट्या. प्रत्येकीच्या बुडाला बारीकसं भोक. तलावाच्या पाळेवर, म्हणजे बांधावर, पाण्याने भरलेलं पितळी घंगाळ ठेवायचं आणि त्यात वाटी अलगद सोडायची. खालून हळूहळू पाणी शिरतं, वाटी भरते, बुडते, तळाला आपटून ‘टण्ण’ वाजते. साधारण चोवीस मिनिटं. पण आमच्या गावाचा एका वाटीवर भरवसा नाही! ते एकदम पाच वाट्या सोडतात, आणि तिसरी बुडली की बारी संपली, हा नियम. दोन उतावळ्या, दोन आळशी, मधली खरी.

सहावी वाटी मोठेबाबांची. ते खाली तुडुमापाशी, म्हणजे तलावाचं पाणी सोडायच्या दारापाशी, बादलीत आपली एकटी वाटी टाकून बसायचे. पाळेवर मोठीमाय पाच वाट्या घेऊन. त्यांची वाटी वरच्या तिसरीच्या मागेपुढेच बुडायची. ती बुडली की खालून मोठेबाबांचा आवाज यायचा, “पानी फिरवाऽऽऽ!” आणि वरून मोठीमाय तोच आवाज पुढे द्यायची, शेवटच्या बांधीपर्यंत. १९९१ साली पोळ्याच्या आदल्या दिवशी तुडुमात अडकलेला कचरा काढायला मोठेबाबा पाण्यात उतरले आणि वर आले नाहीत. संध्याकाळपर्यंत ते सापडले. कमरेला बांधलेली वाटी सापडली नाही.

त्यानंतर बारीचा आवाज एकट्या मोठीमायने द्यायचा असं गावानेच ठरवलं. त्याबद्दल तिला काही मिळत नव्हतं. पण ऑक्टोबरातले ते दहा-बारा दिवस ती लुगडं स्वच्छ धुऊन नेसायची आणि सूर्य उगवायच्या सुमारास पाळेवर हजर असायची.

आता मी काय करत होते ते थोडक्यात. घाबरू नका, सोपं आहे. २००५ साली मी युरोपातल्या एका प्रयोगशाळेत पीएचडी करत होते. आमचं घड्याळ म्हणजे एक अणू. त्याचा एक इलेक्ट्रॉन काढून घेतला की तो आयन होतो, आणि विजेच्या क्षेत्रात, निर्वात डबीत, दिवसेंदिवस अधांतरी धरून ठेवता येतो. त्याच्यावर लेझरचा प्रकाश टाकायचा आणि विचारायचं — बाबा, माझी लय तुझ्या लयीशी जुळली का? तो फक्त ‘हो’ नाहीतर ‘नाही’ म्हणतो. उत्तर अत्यंत खरं, पण प्रत्येक वेळी एकच, म्हणून भरवशाचा आकडा मिळवायला आठवडे विचारत बसावं लागतं. माझा हट्ट असा, की एकाऐवजी पाच आयन एका रांगेत धरू. पाच साक्षीदार, काम लवकर. ही कल्पना मला कुठून सुचली असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. माझ्या गाइडना मी घंगाळाचं कधी सांगितलं नव्हतं.

घोळ असा की पाचही आयन जन्माने सारखे, पण रांगेत बसले की सारखे राहत नाहीत. टोकाच्या दोघांना विजेचं क्षेत्र वेगळं लागतं, मधल्याला वेगळं. प्रत्येकाची लय किंचित हलते. दीड वर्ष मी त्यांना एकसारखं करायच्या मागे होते, आणि माझं पाच आयनांचं घड्याळ एका आयनाच्या घड्याळापेक्षाही वाईट चालत होतं. गाइड भला माणूस. म्हणाले, सुट्टीवर जाऊन ये, आणि आल्यावर एका आयनावरच काम कर. मी म्हटलं, दिवाळीहून येते ती उत्तर घेऊनच.

गावात पोचले तर वेगळंच वाट पाहत होतं.

शेवटच्या बांधीवाले गजानन भाऊ पंचांकडे तक्रार घेऊन गेले होते. ते वाईट माणूस नव्हेत. पाट त्यांच्यापर्यंत पोचेतो पाणी निम्मं झालेलं असायचं, आणि त्या वर्षी त्यांचं धान पिवळं पडत होतं. एक दिवस ते मोठीमायशेजारी येऊन बसले, आणि त्यांनी पाहिलं की दोनच वाट्या बुडलेल्या असताना तिने आवाज दिला.

“तिसरी तरंगतच होती, ताई,” ते मला अंगणातच म्हणाले. “डोळ्यानं पाह्यलं. येकदा नाई, तीनदा! म्हातारीले मोतीबिंदू झाला, तिले आता दिसत नाई. मी का दुश्मन आहो तिचा? पन पानी माहं मरून राह्यलं न.”

पंचांनी ठरवलं होतं की कुंदा, म्हणजे मी, घड्याळवाली साहेबीण येते आहे, तर तीच मोजेल. मोठीमाय चुकत असेल तर तिला उठवायचं आणि पाळेवर भिंतीवरचं घड्याळ आणून ठेवायचं. मला विचारलं तर मी छाती फुगवून ‘हो’ म्हटलं. एवढी सोपी परीक्षा माझ्या वाट्याला बऱ्याच दिवसांत आली नव्हती.

रात्री जेवताना मोठीमायला विचारलं, “तू तिसरीच्या आधी आवाज देतेस का?”

“मी तिसरीवर आवाज देतच नाई,” ती भाताचा घास घेत म्हणाली.

“मग कशावर?”

“टाइम झाला का समजते. तू जेव.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पाळेवर बसले. स्टॉपवॉच, वही, दोन पेन. मोठीमायने वाट्या सोडल्या, मी बटण दाबलं. मग ती घंगाळाकडे पाठ करून बसली, डोकं जरासं तुडुमाच्या बाजूला कललेलं. दोन वाट्या वाजल्या. मग थोड्या वेळाने, काहीही न वाजता, तिने हात वर केला आणि आवाज दिला. तेवीस मिनिटं एक्केचाळीस सेकंद.

पुढची बारी. तेवीस एक्केचाळीस.

पुढची. तेवीस एक्केचाळीस.

संध्याकाळपर्यंत बावीस बाऱ्या झाल्या. बावीसच्या बावीस एका सेकंदाच्या आत! यातला निम्मा फरक तर माझ्या बोटाचा धरा. मध्ये ती पान खात होती, गजानन भाऊंच्या बायकोशी तिच्या सुनेबद्दल बोलत होती, एकदा तर बसल्या बसल्या डुलकीही लागली. त्या डुलकीतून उठून दिलेला आवाजसुद्धा तेवीस एक्केचाळीस.

दुसऱ्या दिवशी मी वाट्या एकेकट्या मोजल्या. पहिली साडेबावीस मिनिटांची, दुसरी सव्वातेवीसची, तिसरी चोवीस वीस, मग पंचवीस, मग सव्वीसच्या जवळ. आणि हे आकडे तरी कुठे स्थिर! वारा आला, वाटी जरा तिरपी पडली की दहा-पंधरा सेकंद इकडे तिकडे. म्हणजे गावाचा तिसरीचा नियम पाळला असता तर कुणाला पाव मिनिट जास्त, कुणाला कमी मिळालं असतं. मोठीमायच्या आवाजावर मात्र पहिल्या बांधीपासून शेवटच्या बांधीपर्यंत सगळ्यांना सेकंदाला सेकंद सारखं पाणी मिळत होतं. पाच वाट्यांची सरासरी कशीही काढा, त्यातून असा आकडा निघत नाही. मी काढून पाहिली.

पंचांसमोर मी उभी राहिले तेव्हा माझा आवाज चांगलाच चढलेला होता. “गजानन भाऊ, तुमचं पाणी कुणी मारलं नाही. वाट्या चुकतात. मोठीमाय चुकत नाही!”

गजानन भाऊ उठले. मग मोठीमायच्या पाया पडले. पण त्यांच्या पोटातला प्रश्न गेला नव्हता आणि तो रास्तच होता. “समजलं, ताई. पन उद्या ही बाई नसली त मंग? नियम त तिसरीचा आहे न. आवाज येगळा आन् नियम येगळा, हे कसं चालन?”

इथे मी शहाणपणा केला.

मला वाटलं, किती साधं आहे! वाट्या दुरुस्त करू. पाचही वाट्या तेवीस एक्केचाळीसवर आणून ठेवू. मग नियम आणि मोठीमायचा आवाज एकाच क्षणी येतील. तिच्यावर पुन्हा कुणी बोट दाखवणार नाही आणि तिच्यानंतरही गावाला तिचीच वेळ मिळत राहील. प्रयोगशाळेत दीड वर्षात जे जमलं नव्हतं ते इथे एका दिवसात जमणार होतं, याचा मला मनातून फार आनंद झाला होता. मी वाट्या पिशवीत घालून आरमोरीला शब्बीरचाचांकडे गेले. त्यांच्या तीन पिढ्या भांड्यांना कल्हई करतात. भोक मोठं असेल तिथे कथलाने बारीक करायचं, बारीक असेल तिथे सुईने मोठं, आणि मी शेजारी बादलीत वाटी सोडून मोजत बसायचं. दिवस गेला पण वाट्या एकसारख्या झाल्या.

शेवटची वाटी हातात देताना चाचा म्हणाले, “बिटिया, एक बात पुछू? पाचही एकसारख्या केल्या, मंग पाच कायले ठेवता? एकच ठेवा न.”

मी त्यांना सरासरीचं गणित समजावून सांगितलं. पंधरा मिनिटं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तुम्ही शिकल्यासवरल्या आहा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळेवर बरीच माणसं जमली. गजानन भाऊ तर हौसेने घंगाळाशेजारी बसले. मोठीमायने वाट्या सोडल्या. मी स्टॉपवॉच लावलं आणि सगळ्यांकडे पाहून हसले. तेवीस मिनिटं छत्तीसला पहिली वाजली, आणि मग टण्ण टण्ण टण्ण टण्ण... सात-आठ सेकंदांत पाचही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मोठीमायने आवाज दिला नाही.

मी म्हटलं, “मोठीमाय, झाली ना बारी!” तिने हाताने मला गप्प केलं. मान तुडुमाकडे वळवली. पदर कानामागे सारला. एक मिनिट गेलं, दोन गेली. खालून लोक ओरडायला लागले, “झालं का? फिरवाचं का?” ती उठून पाळेच्या कडेला गेली आणि पुन्हा ऐकत उभी राहिली.

“त्याची येऊन नाई राह्यली,” ती म्हणाली.

“कोणाची?”

“तुह्या मोठ्याबाबाची वाटी.” घरात मीठ संपलंय असं सांगावं तितक्या सहज. “दोन वाजल्या का मंग त्याची वाजे. तिकून, तुडुमाकून. मंग मी आवाज देओ. आता या पाचही येकदमच बोंबलतात. याइच्या गलक्यात त्याले जागाच नाई राह्यली.”

लोक माझ्याकडे पाहत होते, कुणीतरी काहीतरी करायला हवं होतं, म्हणून शेवटी मीच ओरडले, “पाणी फिरवा!” माझा आवाज चिरकला. पाट फिरला. मोठीमायने घंगाळातलं पाणी ओतलं, पाचही वाट्या पदराने पुसून गजानन भाऊंच्या हातात दिल्या आणि घरी गेली.

त्या संध्याकाळी मी तिच्याजवळ बसून रडले. तीच मला थोपटत होती. “तू बरोबरच केलं, पोरी. सारं बरोबर झालं आता. चौदा वर्सं बोल्ला तो, लय झालं.” वाट्या पुन्हा बिघडवून आणू का, असं मी विचारलं. आणल्याही. शब्बीरचाचांनी काही न विचारता भोकं कमी-जास्त करून दिली. दोन दिवस ती पाळेवर बसली. दोन वाट्या वाजल्या की मान कलायची... आणि तशीच राहायची. तिसऱ्या दिवशी ती गेली नाही. पंचांनी भिंतीवरचं घड्याळ आणलं.

आता तुम्ही म्हणाल, यात अमानवीय काय? मीही तेच म्हणत होते! बाई वीस-पंचवीस वर्षं नवऱ्याच्या वाटीचा आवाज ऐकत होती. ती लय तिच्या अंगात भिनली. तो गेल्यावरही अंग मोजत राहिलं, कानाला भास होत राहिला. मी भास बिघडवला, लय तुटली. दुःखाची गोष्ट, पण समजण्यासारखी. परत जाताना ऊर्जानगरला बाबांना हे सांगितलं. बाबा उठले आणि ट्रंकेतून एक जुनी वही काढली. तरुणपणी नोकरीला लागल्या लागल्या त्यांनी केंद्रातलं स्टॉपवॉच नेऊन सहाही वाट्या मोजल्या होत्या. त्यांच्या किरट्या आकड्यांत मोठेबाबांच्या वाटीपुढे लिहिलं होतं — चोवीस मिनिटं दहा सेकंद.

तेवीस एक्केचाळीस नव्हे. अर्ध्या मिनिटाचा फरक! म्हणजे मोठीमाय जी लय ऐकत होती ती मोठेबाबांच्या वाटीची नव्हतीच. खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. भास तो भास. मी वही मिटली आणि विमानात बसले.

प्रयोगशाळेत मात्र एक केलं. पाचही आयनांना एकसारखं करायचा नाद सोडला. रांगेतल्या प्रत्येकाचा उजेड कॅमेऱ्यात वेगळा टिपायचा, कोण किती सरकलाय ते वेगळं मोजायचं, त्याचा फरक त्याच्या नावे धरायचा, आणि मगच पाचांचं एकत्र उत्तर काढायचं. माझ्याआधी आणखी कुणाला सुचलं असेल-नसेल, मला ते पाळेवर सुचलं. घड्याळ सुधारलं. पीएचडी झाली. गाइडनी विचारलं, सुट्टीत हे कुठे सापडलं? मी म्हटलं, घरी. आणि नाही, रांगेत सहावा आयन वगैरे काही दिसला नाही. तसलं मी लिहिणार नाहीये.

इथे गोष्ट संपायला हवी होती.

२००९च्या मे महिन्यात गजानन भाऊंचा फोन आला. मी तोवर देशात परत आले होते. रोजगार हमीतून तलावाचा गाळ काढायचं काम चालू होतं आणि तुडुमापासून वीसेक हातांवर त्यांच्या फावड्याला वाटी लागली होती. “ताई, तुमच्या मोठ्याबाबाचीच आहे. वाटीच्या बुडाखाली त्याइच्या हातची खूण आहे. मोठीमायले सांगतलं नाई अजून. तुमी या.”

गेले. वाटी हिरवी-काळी पडलेली, भोकात माती. गजानन भाऊंच्या अंगणात बसून चिंचेच्या पाण्याने साफ केली, काडीसुद्धा भोकात घातली नाही, नुसतं पाणी. मग, काय करणार, स्वभावच तो... स्टॉपवॉच काढलं. थर्मामीटर बुडवून पाणी ऑक्टोबरातल्या पाण्याइतकं गार करून घेतलं, आणि वाटी सोडली.

तेवीस मिनिटं एक्केचाळीस सेकंद.

दहा वेळा सोडली. गजानन भाऊ शेजारी उकिडवे बसून पाहत होते. सहाव्या-सातव्या वेळेला ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, “हाच टाइम होता न, ताई?” मी मान हलवली.

आता तुम्हीच सांगा. अठरा वर्षं गाळात पडलेल्या तांब्याचं भोक झिजणार, मोठं होणार. वाटी लवकर बुडणार. चोवीस दहाची तेवीस एक्केचाळीस झाली, यात नवल नाही. पण मोठीमायला जर आठवण असती, तर ती चोवीस दहाची असायला हवी होती. तिने नवऱ्याच्या हातातली वाटी ऐकली होती. गाळातली वाटी ती कधी ऐकूच शकत नव्हती. आणि २००५ साली, बावीसच्या बावीस वेळा, ती गाळातलीच वाटी मोजत होती. बोटाची चूक धरा, पाण्याची धरा, योगायोग धरा. मी हे सगळं धरून पाहिलं आहे, आणि एकही धरलेलं टिकत नाही.

वाटी घेऊन मोठीमायकडे गेले. तोवर तिला अजिबात दिसत नव्हतं. मी काही न बोलता ती तिच्या हातात ठेवली. तिने काठावरून बोट फिरवलं, बुडाशी गेली, खुणेवर थांबली. मला वाटलं होतं ती रडेल, छातीशी धरेल. मी तशीच तयारी करून आले होते.

ती घाबरून गेली.

“हे कायले आनली वं, पोरी?” ती म्हणाली. “हे इथी आनली, त मंग त्याच्यापाशी काय राह्यलं?”

त्याच दुपारी आम्ही तिघं पाळेवर गेलो. तलाव कोरडाठाक, फक्त तुडुमासमोरच्या खोलगट जागी कमरेएवढं पाणी उरलं होतं. मोठीमायला गजानन भाऊंनी हात धरून पाळेवर बसवलं. मी चिखलातून आत गेले, वाटी पाण्यावर अलगद सोडली आणि तिथेच उभी राहिले. स्टॉपवॉच खिशात होतं. बाहेर काढलं नाही, हे मी शपथेवर सांगते. ऊन पाठीवर पडत होतं. वाटी हळूहळू जड होत गेली, तिचा काठ पाण्याला टेकला, आणि ती गेली. खाली पितळ नव्हतं, गाळ होता. काहीएक वाजलं नाही.

आणि त्याच क्षणी वरून, चार वर्षांनी, अगदी तसाच —

“पानी फिरवाऽऽऽ!”

फिरवायला पाणी नव्हतं. खाली एकाही बांधीत हिरवं पान नव्हतं. तरी गजानन भाऊ उठले आणि सवयीने तुडुमाकडे दोन पावलं चालून गेले.

मोठीमाय त्यानंतर तीन पावसाळे होती. ऑक्टोबर आला की तिला पाळेवर नेऊन बसवत. भिंतीवरचं घड्याळ तिथेच असे, पण लोक पाट तिच्या आवाजावर फिरवत, असं गजानन भाऊ सांगतात. मी ते मोजायला गेले नाही. आज माझ्या हाताखालची पोरं दहा-दहा आयनांच्या रांगा धरतात, आणि त्यांच्या घड्याळात किती सेकंदांची चूक आहे ते मी तुम्हाला झोपेतून उठूनही सांगेन. भूत मला आजही मान्य नाही. पण त्या बावीस आकड्यांचं पान वहीत तसंच आहे, त्याखाली ‘कारण’ असं लिहून मी पुढे जागा सोडली होती, आणि ती जागा अजून रिकामी आहे.